हवालदाराची टोपी

शाळेच्या संगीत नाटकात हवालदार होऊन एव्हरेट हकालाच्या पदरात काय पडणार होतं, तर उघड उघड दोन गोष्टी. एक म्हणजे कलेचा राहिलेला विषय सुटणार होता. तो सुटल्याशिवाय बारावीचा दाखला हातात येत नाही, आणि मातीकामाच्या वर्गात त्याने केलेलं घुबड बाईंनी शेवटपर्यंत बदक समजून तपासलं होतं. दुसरी म्हणजे बर्फावरच्या हॉकीच्या बाकावर बसून इतरांच्या पाण्याच्या बाटल्या भरण्यातून सुटका. तिसरी गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती. वडिलांच्या तोंडून त्याला दोन शब्द ऐकायचे होते.

टॅमरॅक या त्याच्या थंड, छोट्या अमेरिकी गावात कौतुक जपून वापरतात, सरपण संपत आलंय आणि हिवाळा अजून निम्मा बाकी आहे अशा हिशेबाने. पोरीला मोठ्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, तरी बाप म्हणणार, "वाईट नाही." गोठलेल्या तळ्यावरून हातभर मासा काढून आणला, तरी शेजारी म्हणणार, "वाईट नव्हतं." याच्या वर पायरी नाही. एव्हरेटचा थोरला भाऊ कर्टिस शाळेच्या संघातून हॉकी खेळायचा, आणि त्यांचे वडील रॉय रिंगणाच्या काचेला नाक लावून उभे राहत. घरी परतताना गाडीत ते "वाईट नव्हतं" म्हणत आणि कर्टिस मागच्या सीटवर उंच झाल्यासारखा दिसे. एव्हरेटनेही बर्फावर उतरून पाहिलं होतं. स्केट घालून तो बसची वाट पाहत असल्यासारखा उभा राहायचा. त्याबद्दल रॉय काहीच बोलले नाहीत. टॅमरॅकमध्ये तोही एक अभिप्राय असतो.

तर नाटक. नाव 'बंदरावरची नवरी'. लग्नाच्या दिवशी नवरी पळते आणि हवालदाराच्याच चौकीत, पिंपात लपून बसते. सगळं गाव तिला शोधतं आणि तीन वेळा हवालदाराला येऊन विचारतं, "नवरी दिसली का?" हवालदार तीन वेळा म्हणतो, "नाही." मध्ये एक छोटं गाणं. एवढीच भूमिका. नवरदेवाचं काम ग्रँट लिंडक्विस्टकडे होतं. त्याचा गळा चांगला होता, दात चांगले होते, आणि दोन्हींची त्याला पूर्ण कल्पना होती.

नाटक बसवणाऱ्या ब्रोडर मॅडम शिकागोहून आलेल्या, टॅमरॅकमधलं त्यांचं दुसरंच वर्ष. पहिल्याच तालमीत त्यांनी एव्हरेटला थांबवलं.

"लगेच 'नाही' म्हणू नकोस. हवालदार आहे तो. आधी विचार करेल की नाही? विचार करताना माणूस काय करतो, ते कर."

विचार करताना मोठा माणूस काय करतो, हे एव्हरेटला पक्कं ठाऊक होतं. त्याने टोपी काढली. ती उलटी धरून आत पाहिलं, उत्तर अस्तरावर शिवलेलं असावं तसं. मग घसा साफ केला, एकदा, आणि थोडं थांबून पुन्हा एकदा. टोपी डोक्यावर ठेवली, मागून नीट खाली ओढली आणि म्हणाला, "नाही."

"चालेल," ब्रोडर मॅडम म्हणाल्या. कुणी हसलं नाही. अख्ख्या तालमीत कुणी हसलं नाही. त्यात हसण्यासारखं काही आहे असं एव्हरेटलाही वाटलं नव्हतं.

गुरुवारी पहिला प्रयोग झाला. जिममध्ये मांडलेल्या खुर्च्यांखाली बुटांवरच्या बर्फाची डबकी साचली होती. ग्रँट धावत आत आला आणि ओरडला, "हवालदार! नवरी दिसली का?"

एव्हरेटने टोपी काढून आत पाहिलं.

मागच्या रांगेत कुणीतरी नाकातून आवाज काढला. त्याने घसा साफ केला, आणि डाव्या बाजूचे लोक हसत सुटले. दुसऱ्यांदा घसा साफ केला आणि जिम हादरली. पुढच्या रांगेतल्या एक बाई पर्स तोंडावर धरून गदगदत होत्या. एव्हरेटच्या मनात पहिला विचार आला तो पँटच्या चेनचा. त्याने हळूच खाली पाहिलं. चेन बंद होती. लोक आणखी हसले.

"नाही," तो म्हणाला. त्याला टाळ्या पडल्या, एका शब्दाला.

विंगेत ग्रँटने त्याला गाठलं. "काय केलंस रे तू?"

"काही नाही."

"तेच म्हणतोय मी! काही नाही केलंस! मी ख्रिसमसपासून टॅप डान्स शिकतोय, पायाच्या अंगठ्याचं नख गेलं माझं. आणि तू टोपी काढतोस?"

"माझ्या पाठीला काही चिकटलंय का, बघ ना."

ग्रँटने खरोखर पाहिलं. काही चिकटलेलं नव्हतं. त्याचा राग आणखी वाढला.

"एक सांगू? तुझ्या कामाला नाही हसत ते. तुला हसतायत."

हे खरं असेल का, याचा विचार करत एव्हरेट रात्रभर छताकडे बघत पडला. तुला हसतात म्हणजे नेमकं कशाला? कानांना? चालीला? सकाळी आरशासमोर उभं राहून त्याने टोपी काढून पाहिली. आरशातला मुलगा हसला नाही.

शुक्रवारी त्याने शोध घ्यायचं ठरवलं, माल नेमका कशामुळे खपतो ते दुकानदार पडताळून पाहतो तसा. पँट वर ओढून नडग्या दाखवल्या. कुणी हसलं नाही. प्रवेश करताना पिंपाला अडखळून पडला. "अरेरे," मागून एक आजी म्हणाल्या. गाण्यात डोळे फिरवले; डोळे फुकट गेले. आणि मग हे सगळं सोडून, दमून, नुसती टोपी काढली, तर लोक खुर्च्यांवरून घसरले. तळलेल्या माशांचं शुक्रवारचं जेवण करून आलेली माणसं, पोट धरून हसताना त्यांचे हाल होत होते.

"मॅडम, ते का हसतात?" प्रयोगानंतर त्याने ब्रोडर मॅडमना विचारलं.

"खरं सांगू? मला कळत नाही," त्या म्हणाल्या. "शिकागोत याला कुणी हसलं नसतं. पण हसतायत ना? मग खोदत बसू नकोस. हशा पूर्ण विरेपर्यंत पुढचा शब्द उच्चारायचा नाही, एवढं सांभाळ. आणि ते पडणं काढून टाक."

बाहेर सरबताच्या टेबलाशी लोक त्याच्याजवळ येत, खांद्यावर हात ठेवत, म्हणत, "टोपी, हं?" आणि ओठ आवळून निघून जात. डोळ्यांतून काही कळू न देणारी, शहाण्या चेहऱ्याची ही माणसं त्याला जन्मापासून ओळखत होती. एकानेही पुढचं वाक्य उच्चारलं नाही. माणसाबद्दल त्याच्या पोरासमोर बोलायचं नाही, हा टॅमरॅकचा शिष्टाचार. तो एव्हरेटलाही ठाऊक होता. फक्त इथे तो माणूस कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं.

रॉय हकालांचं हार्डवेअरचं दुकान मुख्य रस्त्यावर होतं. गावातल्या पोरांना काही हवं असलं की ती घरबसल्या फोनवर मागवत. पण ज्याच्या घरात नळ आहे, छप्पर आहे, वय आहे, असा प्रत्येक माणूस कधी ना कधी रॉयच्या काउंटरसमोर उभा राहिलेला होता. शनिवारी सकाळी एव्हरेट तिथे तिकीट द्यायला गेला.

रॉयनी तिकीट दोन्ही बाजूंनी पाहिलं. "तिसरी रांग."

"मधली आहे, बाबा. नीट दिसतं."

"आज दुकान लवकर बंद करतोय."

एव्हरेटला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. कर्टिसच्या अंतिम सामन्यालाही दुकान बंद झालं नव्हतं. ऐली आत्याला काउंटरवर बसवलं होतं. गल्ल्यामागच्या खिळ्याला इस्त्रीचा निळा शर्ट टांगलेला त्याला आता दिसला.

"लोक म्हणतायत, जाऊन ये," रॉय म्हणाले. "पेल्की दोनदा बघून आला. मी विचारलं, काय आहे एवढं? तर सांगत कुणीच नाही. येतात, माझ्याकडे बघतात, खिळे घेतात, जातात. कालपासून खिळे फार खपलेत."

तेवढ्यात पेल्कीच आत आला. घरांच्या नळांची कामं करणारा, मोठ्या मिशीचा माणूस.

"रॉय, अर्ध्या इंचाचा एल्बो आहे का? पितळी?"

रॉयनी टोपी काढली.

ती उलटी धरून आत पाहिलं. घसा साफ केला. थोडं थांबून पुन्हा एकदा केला. टोपी डोक्यावर ठेवली, मागून नीट खाली ओढली.

"आहे," रॉय म्हणाले आणि मागच्या खणांकडे वळले.

पेल्की त्यांच्याकडे बघतच नव्हता. तो एव्हरेटकडे बघत होता, आणि त्याची मिशी दोन्ही टोकांना थरथरत होती.

एव्हरेटने ही गोष्ट जन्मल्यापासून रोज पाहिली होती, म्हणून कधीच पाहिली नव्हती. कुणी श्वास घेतो तसे बाबा टोपीत बघतात. जगातले सगळे पुरुष विचार करताना हेच करत असतील, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. आता त्याचे कान तापले. दोन रात्री त्याने बाबांना स्टेजवर उभं केलं होतं, अर्धं गाव बोलावून. त्याला हसत नव्हते लोक. बाबांना हसत होते. आणि आज बाबा तिसऱ्या रांगेत बसणार होते, मधोमध, इस्त्रीचा शर्ट घालून.

"बाबा," पेल्की गेल्यावर तो म्हणाला, "आज नाही आलास तरी चालेल."

"का?"

"तसं फार काही नाहीये. तीनदा 'नाही' म्हणतो मी. तू घरी बसून पण ऐकू शकतोस."

रॉयनी तिकीट खिशात ठेवलं. "तिकीट घेतलंय आता," ते म्हणाले.

संध्याकाळी चेहऱ्याला रंग लावून झाल्यावर एव्हरेट ब्रोडर मॅडमसमोर उभा राहिला. "मॅडम, आज मी टोपी काढणार नाही."

"काय?"

"डोक्याला गार लागतं."

"स्टेजवर? त्या दिव्यांखाली? एव्हरेट, आज बाहेर लोक भिंतीला टेकून उभे आहेत. ग्रँटच्या नाचासाठी आलेत असं वाटतं का तुला?"

"ऐकू येतंय मला," पलीकडून ग्रँट म्हणाला.

"काढणार नाही मी," एव्हरेट म्हणाला. असा हट्ट त्याने कधी केला नव्हता, त्यामुळे हट्टाला पुढे काय जोडायचं ते त्याला कळेना. तो नुसता उभा राहिला. मॅडमनी हात वर केले आणि पियानोकडे गेल्या.

"हवालदार! नवरी दिसली का?"

"नाही," एव्हरेट ताबडतोब म्हणाला.

 हसायला पुढे झुकलेली माणसं तशीच झुकून राहिली, नळ सोडावा आणि पाणीच येऊ नये तशी. कुणीतरी कुजबुजलं, "बरं नाही का पोराला?" दुसऱ्या वेळीही तेच झालं. "नाही." खुर्च्या करकरल्या. गाणं त्याने स्वच्छ सुरात म्हटलं, आणि लोकांनी ते सभ्यपणे सहन केलं. तिसऱ्या रांगेच्या मध्यावर निळा शर्ट स्थिर होता. रॉयच्या एका बाजूला पेल्की होता, आणि तो काहीतरी हरवल्यासारखा स्टेजवर शोधत होता. एव्हरेटला दिसलं की बाबांनी हातातलं कार्यक्रमपत्र मिटून गुडघ्यावर ठेवलंय. कर्टिस हरत असताना ते काचेपासून एक पाऊल मागे सरत, तसंच.

मग हे कशासाठी चाललंय, असं त्याच्या मनात आलं. बाबांचं हसं टाळलं तर ते दोन शब्द जातात. ते दोन शब्द मिळवायचे तर बाबांनाच पणाला लावायचं. कुठली बाजू जिंकली म्हणजे आपण जिंकलो?

तो याच विचारात असताना ग्रँट तिसऱ्यांदा आला. "हवालदार! नवरी दिसली का?"

आणि एव्हरेटला आपलं वाक्य आठवेना. एका शब्दाचं वाक्य. डोकं धुतल्यासारखं रिकामं झालं होतं. ग्रँटने डोळे मोठे केले. पिंपातून नवरी कुजबुजली, "नाही म्हण! नाही!" त्याला ते ऐकू आलं नाही. तो मनापासून, जिवाच्या आकांताने आठवत होता, आणि आठवता आठवता त्याचा हात वर गेला.

टोपी हातात आली. त्याने आत पाहिलं. घसा साफ झाला. पुन्हा झाला.

तीन प्रयोगांतला सगळ्यात मोठा हशा तेव्हा उठला. अडवून धरलेला सगळा एकदम सुटला. लोक उभे राहिले, भिंतीला टेकलेले भिंतीवरून घसरले. एव्हरेट हातात टोपी घेऊन थिजला होता. ही नक्कल नव्हती. त्याने काही केलंच नव्हतं. ते आपोआप झालं होतं. त्याने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं.

रॉय हसत नव्हते. सगळीकडची तोंडं उघडी असताना त्या एका चेहऱ्यावर अंक जुळवत असल्यासारखी रेघ होती. पेल्की हसता हसता त्यांच्याकडे वळला, त्यांना पाहिलं आणि त्याची मिशी हलायची थांबली. त्याच क्षणी रॉय हसले. सगळ्यांच्या मागून, पण सगळ्यांपेक्षा मोठ्याने, पेल्कीच्या पाठीवर थाप मारत.

"नाही!" एव्हरेट म्हणाला, आणि ते कुणालाही ऐकू गेलं नाही.

प्रयोगानंतर रॉय सरबताच्या टेबलाशी उभे होते. दुकानातली टोपी त्यांनी कोटाच्या खिशात खुपसली होती. आजूबाजूचे लोक आपापल्या पेल्यांत फार लक्षपूर्वक बघत होते.

"बाबा, मी..." एव्हरेटने सुरुवात केली.

"वाईट नव्हतं," रॉय म्हणाले.

आले. ते दोन शब्द आले. एव्हरेटने वर्षानुवर्षं कल्पना केली होती की ते आले की आपण उंच होऊ. प्रत्यक्षात त्याला फक्त आपल्या हातांचं काय करावं ते कळेना.

"आणि कळलं बरं का मला," रॉय आवाज चढवून, टेबलाच्या दोन्ही टोकांना पोचेल असं म्हणाले. "हुबेहूब तुझे आजोबा! ते टोपीत बघणं, तो घसा. आमच्या बाबांना उचलून आणून ठेवलंस स्टेजवर. कुठून शिकलास?"

"आजोबा?" एव्हरेट म्हणाला.

"तर! जसेच्या तसे."

टेबलाभोवतीच्या लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "इसाक, हो हो," कुणीतरी म्हणालं. "अगदी इसाक." पेल्कीने मात्र आणखी एक बिस्किट घेतलं.

एव्हरेट घरी गेला तो हलका होऊन आणि आणखी गोंधळून. म्हणजे बाबांना कळलंच नाही? स्वतःचीच सवय माणसाला दिसत नाही, हे तर त्याने स्वतःवरूनच पाहिलं होतं. की ती मुळात आजोबांचीच, बाबांकडून त्याच्याकडे आलेली? मग लोक कुणाला हसले? तीन माणसं आणि एक टोपी, हिशेब जुळेना. पण कुणाचं काही गेलं नाही, एवढं तरी खरं दिसत होतं.

रविवारी ऐली आत्याकडे जेवण होतं. रॉय बाहेर अंगणातला बर्फ ओढत होते. आत्याने ओव्हनमधून मांस-बटाट्याच्या पेस्टी काढल्या. एव्हरेट म्हणाला, "आत्या, आजोबा टोपी काढून आत बघायचे ना? मी तसंच केलं म्हणे नाटकात."

आत्याने त्याच्याकडे पाहिलं. "कुणाची टोपी?"

"आजोबांची."

"आमच्या बाबांनी जन्मात टोपी घातली नाही रे. आई ओरडायची त्यांच्यावर. थंडीने कानाची पाळी काळी पडली होती त्यांची, तरी नाही. शवपेटीतसुद्धा बोडक्याने गेले." तिने पेस्टी त्याच्या ताटात ठेवली. "कुणी सांगितलं तुला हे?"

खिडकीबाहेर रॉय फावड्यावर रेलून उभे होते. त्यांचं डोकंही बोडकं होतं.

"कुणी नाही," एव्हरेट म्हणाला. "मीच काहीतरी चुकीचं ऐकलं."

सोमवारी शाळा सुटल्यावर तो दुकानात गेला. पेल्की काउंटरशी होता.

"रॉय, पाऊण इंचाचा व्हॉल्व्ह आहे का?"

रॉयचा हात वर निघाला, कपाळापर्यंत गेला आणि तिथे थांबला. टोपी डोक्यावरच होती. हाताने मग कान खाजवला, जणू तो त्यासाठीच निघाला होता.

"आहे," रॉय म्हणाले.

पेल्की तसाच उभा राहिला. उत्तर मिळालं होतं, पण मिळाल्यासारखं वाटत नव्हतं. "इतक्यात?" असं त्याच्या ओठांवर आलं, पण त्याने ते गिळलं, व्हॉल्व्ह घेतला आणि एव्हरेटकडे न बघता निघून गेला.

तेव्हा शेवटचा हिशेब असा. एव्हरेटचा कलेचा विषय सुटला. ब्रोडर मॅडमना पुढच्या वर्षीच्या नाटकासाठी नवा पियानो मंजूर झाला. ग्रँटला त्याच्या नाचाबद्दल एका बाईंनी फुलं दिली. टॅमरॅकला तीन रात्री पोटभर हसू मिळालं, आणि त्याबद्दल लाजायचं कारणही उरलं नाही, कारण मेलेल्या इसाकच्या नावावर सगळं खपून गेलं. एव्हरेटला ते दोन शब्द मिळाले. या सगळ्याचं बिल भरलं एकट्या रॉयनी, आणि पावती कुणाकडे मागितली नाही. गावाच्या वाट्याला जी थोडी झळ आली ती एवढीच, की त्या काउंटरवर आता सगळ्यांना उत्तर ताबडतोब मिळतं.